येत्या काही आठवड्यांतल्या लाटा आणि हवामान : किनाऱ्याचा अंदाज कोणत्या क्रमाने वाचावा

पोहणे, सर्फिंग किंवा लहान होडी घेऊन पाण्यात उतरणे असा बेत आखताना बहुतेक जण तीन आठवडे आधीच मोबाइलवर त्या दिवसाचा अंदाज उघडतात, लाटांच्या उंचीचा एकच आकडा पाहतात आणि तारीख पक्की करतात. नंतर त्याच आकड्याच्या भरवशावर पाण्यात उतरतात. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे तीन आठवड्यांपुढचा अंदाज विशिष्ट दिवसाबद्दल काहीही खात्रीने सांगू शकत नाही. दुसरी म्हणजे लाटेची उंची हा संपूर्ण माहितीचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो. अंतर जसे कमी होत जाते तसा प्रश्नही बदलावा लागतो : आधी कोणता आठवडा, मग कोणते दिवस, मग कोणते तास, आणि शेवटी समोरचे पाणी. खालील टप्पे याच क्रमाने लावले आहेत आणि तो क्रम मोडू नये.

तयारी : किनाऱ्याची नोंद आधी करा

अंदाज उघडण्यापूर्वी एका कागदावर आपल्या किनाऱ्याची माहिती लिहून घ्यावी. हे काम एकदाच करावे लागते. ते टाळणाऱ्यांना पुढचा कोणताही आकडा नीट लावता येत नाही.

१. किनाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते अंशांत लिहा. नकाशावर किनाऱ्याच्या रेषेला काटकोनात समुद्राकडे रेषा काढली की ही दिशा मिळते. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७० अंश धरावी.

२. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना कुठपर्यंत समुद्र मोकळा आहे आणि कुठे भूशिर, बेट किंवा खडक आडवे येतात, ते नोंदवा. मोठ्या लाटा फक्त या मोकळ्या खिडकीतून थेट येतात.

३. किनारा उथळ आणि सपाट आहे की अचानक खोल होणारा, ते पाहा. सपाट किनाऱ्यावर लाटा दूर फुटून हळूहळू आत येतात. तीव्र उताराच्या किनाऱ्यावर तीच लाट थेट काठाशी आदळते आणि मान किंवा खांदा दुखावण्याइतका मार देते.

४. भरती-ओहोटीच्या तक्त्यात सर्वांत जवळचे ठिकाण कोणते आणि तिथल्या व आपल्या वेळेत किती फरक पडतो, ते लिहा.

५. सर्व एकके एकसारखी करून घ्या. लाटा मीटरमध्ये आणि वारा ताशी किलोमीटरमध्ये ठेवला तर गोंधळ कमी होतो. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, आणि सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर.

इशारा : वारा आणि लाटा यांची दिशा 'कुठून येतात' यावरून सांगतात, तर सागरी प्रवाहाची दिशा 'कुठे जातो' यावरून सांगतात. नैऋत्येचा वारा नैऋत्येकडून येतो, मात्र नकाशावरचा बाण ईशान्येकडे तोंड करून असतो. हा घोळ झाला तर समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्याकडे येणारा वाटतो आणि पुढचे सगळे निष्कर्ष उलटे होतात.

तपासणी : तक्त्यातील वेळ स्थानिक आहे की जागतिक प्रमाणवेळ, ते पाहिले का? नकाशांवर अनेकदा जागतिक प्रमाणवेळ छापलेली असते. तेवढ्या एका चुकीमुळे सकाळचा शांत वारा आणि दुपारचा जोराचा वारा यांची गल्लत होते.

टप्पा १ : तीन ते सहा आठवडे आधी फक्त आठवडा ठरवा

या अंतरावर लाट, वारा किंवा पाऊस यांचा दिवसवार आकडा पाहूच नये. युरोपीय मध्यम पल्ला अंदाज केंद्राचा विस्तारित अंदाज ४६ दिवसांपर्यंत जातो, परंतु तो आठवड्याची सरासरी नेहमीपेक्षा ओली की कोरडी, वादळी की शांत, एवढेच सुचवतो. त्याहून बारीक तपशील त्यातून काढणे म्हणजे नसलेली माहिती वाचणे. काही अ‍ॅपमध्ये महिनाभराचा दिवसवार अंदाज दिसतो. पंधरा-सोळा दिवसांपुढचा त्यातील आकडा बहुधा त्या तारखेची सरासरी असतो, किंवा उद्याच बदलणारी संगणकाची एखादी शक्यता असते.

याऐवजी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, मागील पाच ते दहा वर्षांत त्याच आठवड्यांत लाटा, वारा आणि पाऊस कसा होता, ते पाहावे. ऋतू बदलण्याच्या काळात सरासरी फसवी असते, म्हणून सर्वांत शांत आणि सर्वांत खवळलेले वर्षही पाहावे.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ती वाऱ्यावर नव्हे, चंद्र-सूर्याच्या स्थितीवर ठरत असल्यामुळे महिनोन्‌महिने आधी अचूक काढता येते. दिनदर्शिकेवर आधी तिचीच खूण करावी. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण येते, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक सर्वांत कमी असतो. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे एका आठवड्यात भरती आणि ओहोटी यांच्या वेळांची जवळजवळ अदलाबदल होते, आणि दोन आठवड्यांनी त्याच वेळा पुन्हा येतात. या शनिवारी सकाळी आठला भरती असेल, तर पुढच्या शनिवारी सकाळी आठच्या आसपास ओहोटी असेल. रोज दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यांवर नियोजनाचा एवढा सोपा आणि इतका पक्का आधार दुसरा नाही, आणि तरीही लोक तो सर्वांत शेवटी पाहतात. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. तिथे हा हिशेब न लावता थेट तक्ता पाहावा.

टप्पा २ : पंधरा ते आठ दिवस आधी समुद्राचा मोठा नकाशा पाहा

या टप्प्यावर आपला किनारा सोडून संपूर्ण महासागराचा नकाशा उघडावा. किनाऱ्यावर येणाऱ्या मोठ्या लाटा हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्माला येतात. वारा मागे पडल्यावर त्या लांब, सुबक रांगा करून प्रवास करतात. यांना स्वेल म्हणतात. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा आखूड, उभ्या आणि विस्कळीत असतात. हा फरक पुढे सतत लागेल.

स्वेल किती वेगाने येईल, याचा हिशेब सोपा आहे. एका ठिकाणाहून लागोपाठ दोन लाटांचे माथे जाण्यास लागणारे सेकंद म्हणजे आवर्तकाल. खोल पाण्यात लाटांचा समूह ताशी किती किलोमीटर सरकतो, हे आवर्तकालाला २.८ ने गुणले की मिळते. समजा वादळ ३,००० किलोमीटर दूर आहे. १८ सेकंदांच्या लाटा ताशी सुमारे ५० किलोमीटरने येऊन साधारण ६० तासांत पोहोचतात, तर १२ सेकंदांच्या लाटांना सुमारे ९० तास लागतात. म्हणजे लांब आवर्तकालाच्या लाटा आधी येतात. त्यांची उंची सुरुवातीला कमी दिसते, पण मागून येणाऱ्या मोठ्या लाटांची ती वर्दी असते.

अंदाज वाचण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. रोज एकाच वेळी, एकाच स्रोताचा अंदाज पाहून आपल्या तारखांपुढे आकडे लिहून ठेवावेत. एकाच अंदाजाऐवजी अनेक शक्यतांचा संच मिळत असेल तर तोच पाहावा. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून संगणकावर तोच अंदाज पुन्हा पुन्हा काढतात, त्या सर्वांचा हा संच असतो. त्यातील रेषा एकमेकींजवळ असतील तर विश्वास वाढवावा. त्या पंख्यासारख्या पसरल्या असतील तर निर्णय पुढे ढकलावा.

तपासणी : तीन दिवस ओळीने तेच वादळ, तीच दिशा आणि एक दिवसाच्या फरकाने तीच वेळ दिसते आहे का? तसे असेल तरच पुढच्या टप्प्यात जावे. आज दिसले, उद्या नाहीसे झाले आणि परवा पुन्हा आले, तर ते वादळ अजून कागदावरच आहे असे समजावे.

टप्पा ३ : सात ते चार दिवस आधी उंची, आवर्तकाल आणि दिशा एकत्र वाचा

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून इथे वेळ द्यावा.

उंचीचा आकडा नेमका काय सांगतो? अंदाजातील उंची ही सर्वांत मोठी लाट नसते, आणि सर्व लाटांची सरासरीही नसते. सर्वांत उंच अशा एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अंदाजात १.५ मीटर लिहिले असेल, तर शंभरात साधारण एक लाट २.२५ मीटरहून उंच असते, आणि तीन हजारांत एक ३ मीटरच्या पुढे जाते. १० सेकंदांच्या लाटांमध्ये शंभर लाटा सतरा मिनिटांत, तर तीन हजार लाटा सव्वाआठ तासांत येतात. त्यामुळे दिवसभर किनाऱ्यावर असणाऱ्याने दुप्पट उंचीची एखादी लाट येणारच, असे धरून चालावे.

आता आवर्तकाल. खोल पाण्यात लाटेची लांबी आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणून मीटरमध्ये मिळते. ७ सेकंदांची लाट सुमारे ७६ मीटर लांब असते, तर १४ सेकंदांची सुमारे ३०६ मीटर. दोन्हींची उंची १.५ मीटर असली, तरी दुसरी लाट किनाऱ्याकडे दुप्पट ऊर्जा घेऊन येते. लाटेला तळ जाणवू लागतो तो तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर. म्हणून १४ सेकंदांची लाट १५० मीटर खोलीपासूनच वळू लागते आणि उथळ पाण्यात ७ सेकंदांच्या लाटेपेक्षा अधिक उंचावते. 'लाट फक्त एक मीटर आहे' असे म्हणून १६ सेकंदांचा आकडा दुर्लक्षित करणे ही माझ्या मते या सगळ्यातील सर्वांत धोकादायक चूक आहे, कारण अशा दिवशी आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि दोन रांगांच्या मधल्या काळात पाणी तळ्यासारखे शांत दिसते.

आवर्तकालाचेही दोन प्रकार असतात. काही तक्ते सर्वाधिक ऊर्जा असलेल्या लाटांचा आवर्तकाल देतात, तर काही सर्व लाटांची सरासरी देतात, जी त्याहून कमी असते. एका स्रोतात १४ आणि दुसऱ्यात ११ दिसले की अंदाजांत मतभेद आहेत असे वाटते. प्रत्यक्षात मोजमाप वेगळे असू शकते.

यानंतर एकूण उंचीचे घटक पाहावेत. समुद्रात एकाच वेळी दोन-तीन दिशांच्या लाटा असतात आणि त्यांच्या उंचीची साधी बेरीज होत नाही. उंचींचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. १.२ मीटरची १४ सेकंदांची स्वेल आणि ०.९ मीटरच्या ६ सेकंदांच्या वाऱ्याच्या लाटा मिळून एकूण १.५ मीटर होतात, २.१ नव्हे. उलट, तक्त्यात फक्त १.५ मीटर लिहिलेले असेल, तर ती एकच सुबक स्वेल आहे की दोन दिशांनी एकमेकींवर चढणाऱ्या लाटा आहेत, हे घटक उघडल्याशिवाय कळणार नाही.

शेवटी दिशा. तयारीच्या कागदावर लिहिलेली मोकळी खिडकी आता कामाला येते. किनाऱ्याचे तोंड २७० अंशांना असेल आणि स्वेल २६० अंशांकडून येत असेल, तर तिचा जवळजवळ सगळा जोर मिळतो. ती २०० अंशांकडून येत असेल, तर पुष्कळशी बाजूने निघून जाते. मात्र लांब आवर्तकालाच्या लाटा जास्त वळतात आणि भूशिराच्या आडोशालाही पोहोचतात. आडोसा आहे म्हणून पूर्ण निर्धास्त राहू नये.

इशारा : जागतिक अंदाज समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी एकच आकडा काढतो, आणि ही जाळी साधारण ९ ते २५ किलोमीटरची असते. लहान खाडी, एखादे बेट किंवा वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा लांबट उंचवटा, तिला दिसत नाही. तक्त्यातील आकडा बहुधा किनाऱ्यासमोरच्या खोल समुद्राचा असतो, तुमच्या गुडघाभर पाण्याचा नव्हे.

टप्पा ४ : भरती आणि लाट यांची सांगड घाला

आता दिवस जवळजवळ ठरला आहे. तास ठरवण्यासाठी भरती-ओहोटीचा तक्ता लाटांच्या अंदाजाशेजारी ठेवावा. लाट साधारणपणे आपल्या उंचीच्या १.३ पट खोलीत फुटते, त्यामुळे पाण्याची पातळी बदलली की फुटण्याची जागाही बदलते. ओहोटीला बाहेरच्या दांड्यावर फुटणारी लाट भरतीला थेट काठावर येऊन कोसळू शकते.

पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. बारा भाग धरले, तर दर तासाला अनुक्रमे १, २, ३, ३, २ आणि १ भाग पाणी चढते. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर असेल, तर मधल्या दोन तासांतच दीड मीटर पाणी चढते. खडकांच्या पलीकडे किंवा भूशिराला वळसा घालून गेलेली माणसे अडकतात ती याच दोन तासांत. ओहोटीच्या वेळेनंतर एक तासाच्या आत परतीला लागावे.

तक्त्यातील पातळीत हवामानाचा परिणाम धरलेला नसतो. हवेचा दाब १ हेक्टापास्कलने उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर वर येते. दाब २० हेक्टापास्कलने कमी असेल तर २० सेंटिमीटर, आणि किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर त्याहून बरेच अधिक. उधाण, लांब आवर्तकालाची स्वेल आणि कमी दाब हे तिन्ही एकत्र आले, तर किनाऱ्यावरची नेहमीची कोरडी जागाही सुरक्षित समजू नये.

टप्पा ५ : शेवटचे तीन दिवस वारा आणि पाऊस यांना द्या

वाऱ्याचा तासवार अंदाज आता कामाचा होतो. दिवसा जमीन लवकर तापल्यामुळे समुद्राकडून खारे वारे सुटतात. ते उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारी जोर धरतात. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. म्हणूनच पहाटेच्या लाटा सुबक आणि दुपारच्या विस्कटलेल्या असतात. दिवसाचा सरासरी वारा पाहणाऱ्याला यातील काहीच कळत नाही. ताशी १२ ते १९ किलोमीटर वाऱ्यात तुरळक पांढरे तुरे दिसतात आणि २० ते २८ मध्ये ते सर्वत्र दिसू लागतात. अंदाजातील वारा १० मीटर उंचीवरचा आणि काही मिनिटांची सरासरी असलेला असतो, म्हणून झोतांचा आकडा वेगळा पाहावा.

इशारा : जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात काठाजवळचे पाणी गुळगुळीत आणि निरुपद्रवी दिसते. हवेने फुगवलेली तरंगती साधने, लहान फळ्या आणि मुले याच वाऱ्याने खोल समुद्राकडे ओढली जातात, आणि काठापासून जितके दूर जावे तितका वारा वाढत जातो.

पावसाबाबत दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे परत उतरू नये. जोरदार पावसानंतर नाले आणि नद्यांचे घाण पाणी किनाऱ्यावर येते, त्यामुळे नदीच्या मुखाजवळ तीन दिवस तरी पोहणे टाळावे.

याच काळात जवळच्या सागरी बोयावरचे, म्हणजे समुद्रात तरंगत ठेवलेल्या मोजयंत्रावरचे, प्रत्यक्ष मोजमाप अंदाजाशी ताडून पाहावे. बोयावर आवर्तकाल अचानक ९ वरून १७ वर गेला आणि उंची मात्र तीच राहिली, तर नवी स्वेल पोहोचली आहे. स्थानिक हवामान खात्याचा इशारा लागू झाला असेल, तर वरील सर्व हिशेब बाजूला ठेवून तो इशारा पाळावा.

टप्पा ६ : पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटे

सर्व अंदाज जुळले तरी हा टप्पा गाळू नये. उंच जागी उभे राहून घड्याळ लावावे. वीस मिनिटे हा काळ मनाला येईल तसा ठरवलेला नाही : लाटा गटागटाने येतात, आणि दोन मोठ्या गटांमध्ये दहा मिनिटांहून अधिक शांतता असू शकते. एका ठिकाणावर नजर ठेवून अकरा माथे मोजावेत आणि लागलेल्या सेकंदांना दहाने भागावे. हा तुमच्या डोळ्यांसमोरचा आवर्तकाल. तो अंदाजापेक्षा बराच जास्त आला, तर मोठ्या लाटा अजून यायच्या आहेत.

त्यानंतर समुद्राकडे ओढणारा प्रवाह, म्हणजे रिप करंट, शोधावा. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधल्या पट्ट्यात त्या फुटत नाहीत, तिथले पाणी गडद किंवा गढूळ असते आणि फेस बाहेरच्या दिशेने सरकताना दिसतो. नवख्या माणसाला नेमकी हीच जागा शांत आणि उतरण्यास सोयीची वाटते. हा प्रवाह सेकंदाला २ मीटरहून जास्त वेग घेऊ शकतो. त्याच्याविरुद्ध कुणीही पोहू शकत नाही. सापडल्यास तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात यावे. ओहोटीला हे प्रवाह बऱ्याच किनाऱ्यांवर अधिक जोरकस होतात.

जीवरक्षक असतील तर लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरावे. लाल निशाण असेल तर उतरू नये. जीवरक्षकाला तीन प्रश्न विचारावेत : आज ओढ कुठे आहे, दांडे कुठे सरकले आहेत, आणि भरती चढल्यावर काय बदलेल. एका मोठ्या वादळानंतर वाळूचे दांडे जागा बदलतात, त्यामुळे मागच्या महिन्यातील स्वतःची आठवणही जुनी झालेली असते.

तपासणी : उतरण्याची जागा, बाहेर येण्याची जागा आणि काठावरची एक ठळक खूण या तिन्ही ठरल्या आहेत का? दर काही मिनिटांनी त्या खुणेकडे पाहावे. ती सरकलेली दिसली, तर बाजूचा प्रवाह तुम्हाला वाहून नेत आहे.

परतल्यावरची नोंद

त्याच संध्याकाळी तयारीच्या कागदाखाली एक ओळ लिहावी : अंदाजातील उंची, आवर्तकाल आणि दिशा, वारा, भरतीची स्थिती, आणि प्रत्यक्षात काठावर दिसलेली उंची. अशा वीस-पंचवीस ओळी झाल्या की आपल्या किनाऱ्याचा स्वभाव दिसू लागतो, उदाहरणार्थ, २२० अंशांकडून १४ सेकंदांची स्वेल आली की तक्त्यापेक्षा लाटा मोठ्या लागतात, किंवा ३०० अंशांकडून आली की निम्म्याच पोहोचतात. बेत रद्द केलेल्या दिवसांचीही नोंद करावी आणि शक्य असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरचा कॅमेरा किंवा बोया पाहून प्रत्यक्षात काय झाले ते लिहावे. केवळ चांगल्या दिवसांची नोंद ठेवली, तर आपला अंदाज कुठे आणि किती चुकतो हे त्या कागदावर कधीच येत नाही.